संशयाची घटका
(मठाच्या वर्धापनोत्सवात हैदराबाद येथे केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी पाठशाळेच्या वतीने चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. पाठांतरात अग्रेसर असणाऱ्या विद्यार्थ्यांचे कौतुक आपण नेहमीच करतो. मी आज बोलणार आहे तो प्रश्न पुढे येताच ज्याची लेखणी थबकते, त्या विद्यार्थ्याविषयी. असा मुलगा चार दिवस गप्प बसला की 'याला शास्त्र झेपावयाचे नाही' असे म्हणून घरची मंडळी त्याला घेऊन जातात. त्या थबकलेल्या घटकेत त्याच्या मेंदूत काय चाललेले असते, याचा विचार करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

अष्टाध्यायीतील एक प्रसिद्ध स्थळ घेऊ. 'वृक्ष' शब्दापुढे 'भ्यस्' प्रत्यय आला. एक सूत्र अंत्य अकाराला दीर्घ करावयास सांगते. त्याच्या लगतचे पुढचे सूत्र बहुवचनात त्याचा एकार करावयास सांगते. दोन्ही सूत्रे येथे लागू पडतात, आणि दोन्ही कार्ये एकदम होऊ शकत नाहीत. 'वृक्षाभ्यः' म्हणावे की 'वृक्षेभ्यः'? तुल्यबळ सूत्रांच्या विरोधात नंतरचे सूत्र प्रबळ, असा निर्णय परंपरेने दिला आणि 'वृक्षेभ्यः' सिद्ध झाले. परंतु हा निर्णय कळण्यापूर्वी मुलगा जेथे अडखळतो, ते स्थान महत्त्वाचे.

मानवी मेंदूतील विद्युत्स्पंदने हान्स बर्गर या जर्मन वैद्याने १९२४ साली प्रथम टिपली. त्यानंतरच्या संशोधनात असे आढळले की, दोन परस्परविरोधी उत्तरे एकाच वेळी मनात उभी राहिली म्हणजे मेंदूच्या दोन अर्धांमधील आतल्या बाजूस, पुढच्या अंगाला असलेला एक पट्टा अधिक कार्यरत होतो. कपाळाच्या मध्यभागी सेकंदाला ४ ते ८ आवर्तनांच्या लहरी बळावतात. अधिक अवधान हवे असल्याची ती सूचनाच होय, असे शास्त्रज्ञ मानतात. बाहेरून मंद दिसणारा मुलगा आत असा श्रम करीत असतो.

आपल्या शास्त्रकारांनी या अवस्थेला फार वरचे स्थान दिले आहे. गौतमाच्या सोळा पदार्थांत प्रमाण व प्रमेय यांच्यामागून लगेच संशय येतो. मीमांसेच्या अधिकरणात विषयानंतर संशय मांडल्यावाचून सिद्धांताकडे जाताच येत नाही. तिन्हीसांजेला दूरवर दिसणारा खुंट आहे की पुरुष, अशी शंका ज्याला येते तो जवळ जाऊन पाहतो. खुंटालाच निःशंकपणे पुरुष मानणारा जागचा हलत नाही; त्याचे ज्ञान विपर्ययाचे असते. वर्गात चटकन चुकीचे उत्तर देणाऱ्यापेक्षा थबकणारा मुलगा म्हणूनच पुष्कळदा सत्याच्या अधिक जवळ असतो.

अमेरिकेतील सिडनी डीमेलो व आर्थर ग्रेसर यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत संगणकावरील दोन पात्रे विद्यार्थ्यांपुढे परस्परविरुद्ध मते मांडीत. जे विद्यार्थी त्यामुळे खरोखर गोंधळात पडले, त्यांना पुढे विषय अधिक चांगला उमगला. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष यांचीच ही नवी मांडणी म्हणावयास हरकत नाही. मात्र त्यांच्याच अभ्यासातून दुसरीही गोष्ट पुढे आली: गोंधळ सुटला नाही तर त्याचे पर्यवसान वैफल्यात आणि वैफल्याचे कंटाळ्यात होऊ शकते. संशय हा उंबरठा आहे. तेथे मुलाला कायमचे बसवून ठेवणे हा दयाहीनपणा होय.

सूत्रविरोधाच्या याच नियमाचा नवा अर्थ लावणारे ऋषी राजपोपट यांचे उदाहरण बोधप्रद आहे. मुंबईत पाणिनीचे धडे घेतलेले हे तरुण अभ्यासक केंब्रिज येथे नऊ महिने या कोड्यात अडकून पडले होते. अखेर त्यांनी महिनाभर पुस्तके मिटून ठेवली. परतल्यावर त्यांना उकल दिसू लागली. २०२२ साली गाजलेल्या त्यांच्या मताविषयी पंडितांत मतभेद आहेत, ते असोत. नऊ महिन्यांच्या अडखळण्याला कोणी बुद्धिमांद्य म्हणणार नाही. मग आपल्या मुलाच्या चार दिवसांनाच ते नाव का द्यावे?

अध्यापक बंधूंना माझी विनंती अशी की, मुलगा अडला तर उत्तर सांगण्याची घाई करू नये. 'तुझ्या मनात कोणते दोन पक्ष भांडत आहेत?' एवढेच विचारावे. आपल्या या नगरात मुले घरी मराठी वा तेलुगू आणि रस्त्यावर दखनी बोलतात. ज्या भाषेत शंका सांगता येईल, त्या भाषेत ती सांगू द्यावी. दोन्ही पक्ष त्याला सांगता आले तर त्याला थोडा अवधी द्यावा. एकही सांगता आला नाही तर तो संशय नव्हे, मागचा पाठच कच्चा राहिला आहे, असे समजून मायेने मागे जावे. पालकांनीही मुलाला काढून नेण्यापूर्वी हा एक प्रश्न त्याला विचारून पाहावा.