वाळीत टाकणे ही शिक्षाच
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, संक्षिप्त)



‘वाळीत टाकणे’ म्हणजे काय, हे वरंध-महाड-पोलादपूरच्या श्रोत्यांना समजावून सांगायची गरज नाही. त्या घराशी बोलणं-चालणं बंद. शिमग्याची पालखी त्या दारावरून पुढे निघून जाते. लग्नाचं आवतण येत नाही आणि मयताला खांदा द्यायला माणूस मिळत नाही.

शिक्षा, दंड आणि वाळीत हे शब्द आपण एकाच दमात वापरतो. पण कोर्टाच्या शिक्षेला कलम असतं, मुदत असते, वर अपील असतं. दंडाला रक्कम असते. भरला की माणूस मोकळा. वाळीत टाकलेल्याला यातलं काहीच मिळत नाही. आरोप गावकीचा, निवाडा गावकीचा, अंमलही तिचाच. चूक एकाची म्हणायची आणि शाळकरी पोरापासून म्हाताऱ्या आजीपर्यंत अख्ख्या घराने भोगायची. ‘टाकलं कुणी?’ विचारलं तर उत्तर येतं, ‘गावाने.’ नाव कुणाचंच नाही.

गावकीने देवळं बांधली, पाखाड्या घातल्या, अडल्यानडल्याला हात दिला, हे मी नाकारत नाही. पण जिच्यावाचून जगणं अवघड, तिनेच दार लावलं तर माणसाने जायचं कुठे? या शिक्षेची धार तिथेच आहे.

ती धार ज्यांच्यावर सर्वांत जास्त चालली, त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला गेला. 1928 मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे बाबासाहेब सदस्य होते. हक्क मागणाऱ्या दलितांविरुद्ध गावं बहिष्काराचं हत्यार कसं वापरतात, हे तिच्या अहवालात नोंदलं गेलं. पुढे गोलमेज परिषदेत त्यांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची मागणी केली आणि त्यासाठी ब्रह्मदेशाच्या 1922 च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला.

मुंबई राज्याने 1949 मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने तो 1962 मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द ठरवला. नंतर जातपंचायतींविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समितीची मोहीम झाली, रायगडच्या गावांतून तक्रारी पुढे आल्या आणि विधिमंडळाने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा मंजूर केला. 2017 पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे.

यावर गावकीचा बचाव ठरलेला असतो: ‘आम्ही शिक्षा कुठे केली? आम्ही फक्त बोलत नाही.’ मंडळी, कुणाशी बोलायचं नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण बैठक भरवून सगळ्यांवर अबोला लादायचा आणि जो बोलेल त्याच्याकडून दंड वसूल करायचा, ही शिक्षाच आहे. ती देण्याचा अधिकार गावाला कुणीही दिलेला नाही.

तेव्हा यापुढे कुणी बैठकीत हा विषय काढला, तर उठून तीन प्रश्न विचारा: कलम कोणतं, मुदत किती, दाद कुणाकडे? आणि आज जे वाळीत आहेत, त्यांनी दंड भरून ‘आत’ येण्याची वाट पाहू नये. त्यांनी थेट पोलीस ठाणं गाठावं किंवा दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी. कायदा त्यांच्या बाजूने आहे.