खेळ मुलींचा, वही कोणाची?

(हिंगोली येथे महाविद्यालयीन विद्यार्थिनींच्या क्रीडामेळाव्यात एका निवृत्त अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



क्रीडामेळाव्याला अर्थशास्त्राच्या मास्तराला बोलावणे हे जरा विचित्रच. मी आयुष्यात चेंडू फारसा हाती धरला नाही. हिशेबाच्या वह्या मात्र पुष्कळ चाळल्या. तेव्हा आज बोलणार आहे तेही वहीबद्दलच.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघातील खेळाडूंची नावे तुम्हांला तोंडपाठ आहेत. पण हा खेळ ज्या स्त्रियांनी वर्षानुवर्षे चालवला, पत्रव्यवहार केला, देणग्या मागितल्या, आगगाडीची तिकिटे जमवली, त्यांच्यापैकी एकीचे तरी नाव कोणी सांगेल काय?

मी एक नाव सांगतो. शुभांगी कुलकर्णी. पुण्याच्या, जन्म १९५९ चा, म्हणजे माझ्याच पिढीच्या. १९७६ साली वेस्ट इंडीजच्या स्त्रियांविरुद्ध भारताचा पहिला कसोटी सामना बंगळूरला झाला, तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. लेगस्पिन गोलंदाजी करीत पहिल्याच कसोटीत एका डावात त्यांनी पाच बळी घेतले. पुढे त्या भारताच्या कर्णधार झाल्या आणि १९८५ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. आपल्याकडे खेळाडूची कथा बहुधा येथेच संपते. मला तिचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा वाटतो. खेळणे संपल्यावर त्या कारभारात उतरल्या आणि भारतीय महिला क्रिकेट संघटनेच्या सचिव झाल्या.

ही संघटना १९७३ साली स्थापन झाली आणि २००६ पर्यंत भारताचा महिला संघ तिनेच मैदानात उतरवला. तिच्याजवळ पैसा नव्हता. सुनील गावसकरांच्या भगिनी नूतन गावसकर याही या संघटनेच्या सचिव होत्या. त्यांनी सांगितलेल्या आठवणी ऐकण्यासारख्या आहेत. न्यूझीलंडच्या दौऱ्यात मुली हॉटेलात नव्हे, तेथील भारतीय कुटुंबांच्या घरी उतरल्या. एके काळी संघात बॅटीच तीन होत्या. सलामीची खेळाडू बाद होऊन परतली की तिची बॅट आणि पॅड पुढची घेऊन जाई. एका इंग्लंड दौऱ्यासाठी अभिनेत्री मंदिरा बेदी यांनी आपल्या जाहिरातीचे मानधन संघटनेला दिले. २००५ साली हा संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. त्या स्पर्धेत सामन्यामागे एक हजार रुपये मिळाले, असे त्या वेळच्या कर्णधार मिताली राज यांनीच सांगितले आहे.

अर्थशास्त्राच्या भाषेत याला अनुदान म्हणतात. सरकार देते ते अनुदान अंदाजपत्रकात दिसते. हे कोठेच दिसत नाही. स्त्रियांच्या बिनपगारी श्रमांवर एक राष्ट्रीय संघ तेहेतीस वर्षे उभा राहिला. चुलीपाशी जे घडते तेच मैदानावर घडले, एवढेच.

सार्वजनिक क्षेत्राने मात्र येथे आपले काम केले, हे नमूद केले पाहिजे. रेल्वेने या मुलींना नोकऱ्या दिल्या. आपल्या हिंगोलीवरून अकोला-पूर्णा मार्गाची गाडी जाते ती दक्षिण मध्य रेल्वेची. मिताली राज यांची नोकरीही त्याच रेल्वेतली. मुंबईच्या डायना एदलजी पश्चिम रेल्वेत क्रीडा अधिकारी होत्या. ज्या घरात मुलीच्या खेळण्याला विरोध असतो, तेथे पगाराचा कागद जितके मन वळवतो तितके कोणाचेही भाषण वळवीत नाही. माझेही नाही.

२००५ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर महिला क्रिकेट पुरुषांच्या परिषदेत विलीन झाले, आणि २००६ साली आपली संघटना भारतीय क्रिकेट नियामक मंडळात. त्या वेळी सचिवपदी शुभांगी कुलकर्णी होत्या. आपण ज्या संस्थेसाठी झिजलो ती दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. हा निर्णय योग्यच होता, असे माझे मत आहे. मैदाने, प्रशिक्षक, वैद्य, विमानाचे तिकीट या गोष्टी तीन बॅटींच्या संसारातून कधीच येत्या ना. परंतु या व्यवहारात एक गोष्ट निसटली. गरीब का होईना, पूर्वी वही स्त्रियांच्या हाती होती. आता वही भरली आणि हात बदलले.

परिणाम पाहा. २००६ मध्ये टाँटनला आपल्या संघाने इंग्लंडविरुद्ध कसोटी जिंकली. त्यानंतरची कसोटी त्यांच्या वाट्याला आली ती ऑगस्ट २०१४ मध्ये. मधली आठ वर्षे एकही नाही. जगातच स्त्रियांच्या कसोट्या कमी झाल्या होत्या हे खरे; पण मंडळाची तिजोरी रिकामी होती असे मात्र म्हणता येणार नाही. २००८ साली याच मंडळाने आठ संघ विकून आयपीएल उभी केली. स्त्री खेळाडूंशी पहिला वार्षिक करार व्हायला २०१५ साल उजाडावे लागले.

स्त्रीला कारभारात जागा मिळाली ती न्यायालयाच्या दारातून. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळावर चार प्रशासक नेमले, त्यांत एदलजी एकट्या स्त्री. त्याच वर्षी दोघे बाहेर पडले; मग २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत त्या आणि विनोद राय असे दोघेच उरले, आणि मतभेद झाले तेव्हा त्यांनी ते उघडपणे नोंदवले. काहींना तो हेकटपणा वाटला. पुरुष प्रशासक असे वागला की त्याला आपण बाणेदार म्हणतो! नव्या घटनेप्रमाणे मंडळाच्या नऊ जणांच्या शिखर परिषदेत खेळाडूंच्या संघटनेने निवडलेली एक स्त्री असते. २०१९ साली ती जागा शांता रंगास्वामी यांना मिळाली आणि २०२२ साली शुभांगी कुलकर्णी यांना. त्याच्या सोळा वर्षांपूर्वी जी बाई संपूर्ण संघटनेची सचिव होती, ती तेव्हा नवांतली एक झाली.

त्याच २०२२ साली स्त्री-पुरुषांचे सामन्याचे मानधन समान झाले. मोठी गोष्ट आहे, मी ती लहान करीत नाही. पण वार्षिक करार वेगळा असतो. त्या वेळी पुरुषांच्या वरच्या श्रेणीला सात कोटी आणि स्त्रियांच्या वरच्या श्रेणीला पन्नास लाख होते. पुढल्याच वर्षी महिला लीगचे पाच संघ सुमारे ४,६७० कोटींना विकले गेले. म्हणजे स्त्रियांच्या खेळाला गिऱ्हाईक नाही, हा जुना युक्तिवाद आता कोणी करू नये.

२०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय संघटनेच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त पंधरा सदस्य आणि त्यांत किमान चार स्त्रिया, असे ठरवले आहे. ते दिल्लीचे झाले. आपल्या जिल्ह्यातही कबड्डीची, खो-खोची, कुस्तीची माणसे आहेत. त्यांच्या कार्यकारिणीच्या याद्या मिळवा. मुलींचा प्रवासखर्च आणि मुक्कामाची सोय कोणत्या बैठकीत ठरते, तेथे कोण बसलेले असते, हे विचारा. तुमच्यापैकी वाणिज्य शाखेच्या ज्या मुली आहेत त्यांनी जमाखर्चही मागावा. अर्ज कसा लिहायचा ते मी दाखवीन. मी आता निवृत्त आहे, दुपारी घरीच असतो.