टेनिसमध्ये भाकरी आहे का?

आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतल्या बायका. आमच्यातल्या एकीची तेरा वर्षांची लेक टेनिस खेळते. परवा तिच्या आईने सरळच विचारलं, "यात पुढे भाकरी आहे का गं?" टीव्हीवर दिसतात त्या कोट्यवधी कमावणाऱ्या. बाकीच्यांचं काय? आम्ही शोधत बसलो. आज तेच सांगतोय.

ऋतुजा भोसले आठवते ना? श्रीरामपूरची, वडील पोलीस खात्यात. अमेरिकेत टेक्सासला शिकली, तिथे कॉलेजच्या संघातून खेळली, मग पूर्णवेळ टेनिस. 30 सप्टेंबर 2023, शनिवार. विसर्जन होऊन दोनच दिवस झालेले, आमचे घसे अजून बसलेले. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर तिची मिश्र दुहेरीची फायनल. पहिला सेट 2-6 असा गेला. दुसरा 6-3 घेतला आणि शेवटचा टायब्रेक 10-4. सुवर्णपदक! पण गंमत बघा, जागतिक क्रमवारीत या पदकाचा एक गुणही धरत नाहीत. ते गुण मिळतात दर आठवड्याच्या दौऱ्यात.

तो दौरा कसला? सगळ्यात खालच्या स्पर्धेत बक्षिसाची एकूण रक्कम 15 हजार डॉलर. ऐकायला मोठी वाटते. ती एकेरीच्या 32 जणींत आणि दुहेरीच्या जोड्यांत वाटायची. पहिल्याच फेरीत हरली तर हाती दीडशे डॉलरच्या आसपास, त्यातूनही कर कापतात. तिकीट, खोली, जेवण, रॅकेटच्या तारा, सगळं पदरचं. म्हणून दोघी-तिघी एका खोलीत राहतात, कोचला घरी ठेवून एकट्या निघतात. पाय मुरगळला तर भरपगारी रजा नाही. आणि कमावलेले गुण 52 आठवड्यांनी गळून पडतात. गेल्या वर्षी जिंकलं तेवढं यंदा परत जिंकायचं, नाहीतर खाली.

हे ऐकून आमच्या एक आजी म्हणाल्या, "अगं, ही तर बदली!" त्यांचे मालक गिरणीत बदली कामगार होते. रोज गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी परत. आजींनी टेनिस कधी पाहिलेलं नाही, पण हिशोब आमच्याआधी त्यांना कळला.

तरी पोरी टिकतात. बार्शीची प्रार्थना ठोंबरे दुहेरीत रमली. 2014 ला इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर कांस्यपदक, 2016 ला रिओ ऑलिम्पिक. बार्शीहून रिओ!

त्या आईला आम्ही खोटा धीर दिला नाही. नुसत्या बक्षिसावर घर चालेल असं धरू नकोस, म्हटलं. पण चांगलं खेळली तर अमेरिकेतल्या कॉलेजची शिष्यवृत्ती मिळू शकते, शिक्षण पदरात पडतं, हेही सांगितलं. तिने ठरवलंय, दहावीपर्यंत खेळू द्यायचं, मग बघू. तारा तुटल्या तर पैसे आमच्या भिशीतून.

पहिली तार गेल्या मंगळवारीच तुटली.