फुलं गळाली, पण ऑर्किड जिवंत आहे



हल्ली सत्कारात गुच्छाऐवजी कुंडी द्यायची पद्धत आली आहे. काही गटांना त्यात ऑर्किड मिळालं. जाड रुंद पानं, मधून निघालेला लांब दांडा आणि त्यावर पतंग बसल्यासारखी पांढरी-जांभळी फुलं. फॅलेनॉप्सिस हे त्याचं नाव, आणि नावाचा अर्थही पतंगासारखं असाच आहे. फुलं दोन-तीन महिने राहतात. मग एकेक गळतात, नुसती काडी उरते आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "गेलं ते, दे उकिरड्यावर." गेल्या दोन महिन्यांत तीन गटांतून मला हाच प्रश्न आला. म्हणून आजचा विषय हा.

पानं हिरवी आणि ताठ असतील तर झाड गेलेलं नाही. त्याचा फुलायचा हंगाम संपला, एवढंच. आता ते नवीन पान आणि नवीन मूळ काढतं. नीट राहिलं तर वर्षाने पुन्हा फुलतं, आणि अशी कित्येक वर्षं फुलत राहतं.

आधी दांड्याचं बघू. तो पिवळा, तपकिरी पडला असेल तर बुडाजवळून कापा. हिरवा असेल तर त्यावर उसासारखी पेरं दिसतील, पेरापाशी डोळाही दिसेल. खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या बोटभर वर कापलं तर कधीकधी त्या डोळ्यातून फुलांची नवी फांदी फुटते. पण झाडाला दोन-तीनच पानं असतील तर हा मोह नको, सगळा दांडा काढा आणि त्याला अंग धरू द्या. पात्याला आधी गॅसवर धरून, गार करून घ्या. कापल्या जागी दालचिनीची पूड लावली तरी चालते, मात्र ती मुळांवर भुरभुरू नका, मुळं सुकतात.

आता पाण्याचं सांगते, कारण घरातली ऑर्किडं बहुतेक मायेने मरतात. आपण रोज तुळशीला घालतो तसं तांब्याभर पाणी यालाही घालतो. तुळस मातीत वाढते. हे झाड त्याच्या मुलखात, म्हणजे इंडोनेशिया-फिलिपाइन्सकडच्या जंगलात, मोठ्या झाडाच्या खोडावर वाढतं. आपल्या सह्याद्रीतल्या आंब्या-फणसावर सीतेची वेणी लोंबते ना, तीही याच कुळातली. लोक तिला बांडगूळ समजतात. पण बांडगूळ झाडाचा रस पितं, ही नुसती त्याच्या अंगावर बसते. पावसाचं पाणी मुळांवरून वाहून जातं आणि मुळं पुन्हा वाऱ्यावर सुकतात. त्या मुळांना सतत ओलं ठेवलं की ती कुजतात.

दुकानातून आलेली कुंडी नीट पाहा. बाहेर छान रंगीत भांडं असतं, त्याला बहुधा भोकच नसतं. आत पारदर्शक प्लॅस्टिकची कुंडी असते. घातलेलं पाणी बाहेरच्या भांड्यात साचतं आणि मुळं त्यात बुडून राहतात. म्हणून आतली कुंडी बाहेर काढा, पातेल्यातल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, पूर्ण निथळू द्या, मग परत ठेवा. पानांच्या मधोमध पाणी साचलं तर टिपून घ्या. पाणी कधी द्यायचं ते मुळं सांगतात. ओली असली की हिरवी दिसतात, तहानली की रुपेरी-पांढरी. उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांनी, पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी वेळ येते. पण वार धरून पाणी देऊ नका, मुळं बघून द्या. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर पावसाचं पाणी भरून ठेवलेलं बरं.

पानं सुरकुतली की आपण आणखी पाणी घालतो, आणि इथेच घात होतो. मुळं कुजली तरी पान सुरकुततं, कारण पाणी ओढायला मूळच उरत नाही. आधी मुळं दाबून बघा. टणक असतील तर तहान आहे. मऊ, तपकिरी, पोकळ असतील तर ती कापून टाका आणि कुंडी बदला. तशीही दोन वर्षांनी कुंडी बदलायचीच असते, फुलं गेल्यावर. माती नको आणि शेणखत तर नकोच. लोणारी कोळसा, विटेचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे तुकडे एकत्र करा. सोडण दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवा, त्यातला क्षार निघतो. कुंडी मुळं मावतील एवढीच घ्या.

जागा पूर्वेच्या खिडकीची. दुपारचं ऊन पान भाजतं. पान अगदी गडद हिरवं झालं तर उजेड कमी पडतोय. खत म्हणजे शेतात फवारतो तेच १९:१९:१९, लिटरभर पाण्यात चिमूटभर, पंधरा दिवसांतून एकदा, तेही मुळं आधी ओली करून. थंडीत रात्री गारवा लागला की दांडा निघायची शक्यता वाढते, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात खिडकीपाशीच राहू द्या.

कुणाकडे उसाच्या कांड्यांसारखं दिसणारं डेन्ड्रोबियम असेल तर फुलं गेल्यावर त्याच्या हिरव्या कांड्या कापू नका. पानं गळाली तरी झाडाची शिदोरी त्या कांड्यांतच असते.

एका गटाने विचारलं, यातून रोपं करून विकता येतील का? माझं मत स्पष्ट आहे. फॅलेनॉप्सिसचं बी धुळीसारखं बारीक, ते घरी रुजत नाही. विकायची रोपं प्रयोगशाळेत तयार होतात. कधी दांड्यावर पिल्लू येतं, पण त्यावर धंदा उभा राहत नाही. कुणी "आमची रोपं घ्या, फुलं आम्हीच विकत घेऊ" म्हणत दारात आलं, तर गटाचं कर्ज काढण्याआधी बैठकीत विषय घ्या आणि आधी फुलं घेतलेल्या बाईला भेटल्याशिवाय सही करू नका. जंगलातून ऑर्किड ओरबाडून आणून विकणं तर अजिबात नको.

ज्यांच्याकडे काडी उरलेली कुंडी आहे त्यांनी पुढच्या मासिक बैठकीला ती घेऊन या. आतली प्लॅस्टिकची कुंडी काढून सगळ्या मिळून मुळं बघू. पाणी मात्र आदल्या दिवशी घालू नका, नाहीतर मुळं हिरवीच दिसतील.