तलावातले मासे कुणाच्या नावावर?
(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



समाजकार्याच्या पदवीत मला बचत गट शिकवले, तलावाचा तळ कुणी शिकवला नाही. तो मी भंडारा-गोंदियाकडे, ढिवर बायांबरोबर गुडघाभर चिखलात उभी राहून शिकले.

वैनगंगेच्या खोऱ्यात गोंड राजांच्या काळापासून बांधलेले शेकडो तलाव आहेत. 1951 मध्ये मालगुजारी संपली आणि ते सरकारकडे गेले. लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. मासेमारी सहकारी संस्थांकडे आली आणि रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडणे सुरू झाले. हे मासे वाहत्या नदीत अंडी घालतात, साचलेल्या पाण्यात नाही. म्हणजे दरवर्षी बीज विकत आणा, त्यासाठी कर्ज काढा. जोडीला ग्रास कार्प आणि सायप्रिनस सोडले. एक पाण्यातली वनस्पती फस्त करतो, दुसरा तळ उकरतो. काठाने बेशरम माजली. मरळ, शिंगी, झिंगे, बारीक मासळी यांना लपायला जागा उरली नाही. काट्यासकट खाल्ली जाणारी ही बारीक मासळीच गरिबाघरच्या बाळंतिणीचे खरे टॉनिक! पण ती तोट्यात गेलेली कुठल्या हिशेबात दिसत नाही.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत इथल्या काही गावांनी हे उलटे फिरवले. उन्हाळ्यात पाणी उतरले की बेशरम मुळासकट काढायची. तुकडा राहिला तरी तो रुजतो. तळ नांगरायचा. मग पाऊस लागला की दुसऱ्या चांगल्या तलावातून वनस्पती आणून लावायच्या. बुडून राहणाऱ्या खोल पाण्यात, तरंगणाऱ्या त्यापेक्षा उथळात, देवधानासारख्या काठाला. कुठली कुठे जगते, कुठला मासा कशात अंडी घालतो, हे म्हाताऱ्या बायांना पाठ होते. आम्ही फक्त वहीत उतरवले. मरळीची जोडी पिलांची राखण करते, पण आडोसा असेल तरच. तो मिळाला तशी ती परतली, बीज विकत न आणता.

एक कबूल करते. तलाव सुधारला तरी नदी सुधारत नाही. ज्या वैनगंगेवर 1988 मध्ये गोसेखुर्दची पायाभरणी झाली, तिथे धरणाची भिंत चढणीच्या माशांना वर येऊ देत नाही. तिथल्या ढिवरांचा प्रश्न आमच्या कुदळीने सुटणारा नाही.

आणि तलावातलाही सुटला म्हणू नका. बेशरम उपटायला बाया, रोपे लावायला बाया, टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला बाया. सभासदांच्या यादीत मात्र पुरुष. मी काम करते त्या एका गावात नवरा गेल्यावर त्याचे सभासदत्व दिराच्या नावावर झाले. ती बाई आता स्वतः लावलेल्या तलावातली मासळी दिराकडून विकत घेते. मासे वाढले तसा हा प्रश्न टोकदार झाला. तलाव ओसाड होता तेव्हा यादीकडे कोण बघत होते?

गेल्या महिन्यात सात जणींनी सभासदत्वाचे अर्ज दिले. सचिवांनी ते घेतले नाहीत. ‘एका घरात एकच’ म्हणाले. आम्ही नियम लेखी मागितला. तो मिळाला नाही, म्हणून अर्ज पोस्टाने पाठवले. पोस्टाच्या सात पावत्या त्या बाईच्या ट्रंकेत आहेत.