स्मृती, विस्मृती आणि ‘मी’



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आत्म्याविषयी बोलावे, अशी आज्ञा झाली. विषय अथांग आणि वेळ थोडा. म्हणून एकच प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. ज्याची स्मरणशक्ती गेली, त्या माणसात ‘तो’ उरतो की नाही?

नोव्हेंबर १९०१ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या स्त्रीला दाखल करण्यात आले. डॉ. आलोइस अल्झायमर यांनी नाव विचारले. तिने ‘ऑगस्टे’ असे सांगितले. आडनाव विचारले, तरी ‘ऑगस्टे’. पतीचे नाव विचारले, तेव्हाही काहीशा संभ्रमाने तेच. स्वतःचे नाव तिला धड लिहिता आले नाही. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशा अर्थाचे उद्गार तिने काढल्याची नोंद आहे. पुढे त्या व्याधीला त्याच डॉक्टरांचे नाव मिळाले.

या उद्गारापाशी मी पुष्कळदा थांबतो. हरवल्याचे कोणाला जाणवले? नाव गेले, पतीची ओळख गेली; पण गेल्याची जाण जागी होती.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६९४ मध्ये व्यक्तीची ओळख तिच्या जाणिवेवर आधारली. गतकाळातील कृत्ये जिथवर आपली म्हणून जाणवतात, तिथवर ती व्यक्ती तीच. न्यायनिवाड्याला हा विचार सोयीचा आहे. घरातील वृद्ध आईला तो लावला, तर मात्र आठवणी पुसल्या जातील तसतशी ती आपली आई राहणार नाही.

आपल्या परंपरेची मांडणी निराळी आहे. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात उपयोग, म्हणजे चेतनेचा व्यापार, हे जीवाचे लक्षण मानले आणि स्मृतीला मतिज्ञानाच्या कक्षेत बसविले. स्मृती क्षीण झाली, तरी ज्ञाता नाहीसा होत नाही. विज्ञानाने शास्त्रावर शिक्कामोर्तब केले, असे सांगण्याची व्यासपीठीय हौस मला नाही. मेंदूच्या ऱ्हासावर उपचार वैद्यानेच करावयाचे.

परंतु ऑगस्टेचे पुढे काय झाले? १९०६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिची अवस्था खालावतच गेली. जी बोलूच शकत नाही, तिची जाण दाखवायची कोठून? येथे शास्त्रातील एक विचार मला फार मोलाचा वाटतो. ज्ञानावरणीय कर्माचे पटल कितीही दाट असो, अक्षराच्या अनंताव्या भागाएवढे ज्ञान तरी जीवाचे नित्य उघडेच राहते; तेही झाकले गेले, तर जीव आणि अजीव यांत भेदच उरणार नाही. निगोदातील जीवाला जे नाकारले नाही, ते अंथरुणाला खिळलेल्या आईला कसे नाकारावे?

आणि तरीही मुलाचे दुःख खोटे नव्हे. आचार्य समंतभद्रांच्या आप्तमीमांसेत एक दृष्टान्त आहे. सोन्याचा घट मोडून मुकुट केला, तेव्हा घट हवा असणाऱ्याला शोक झाला, मुकुट हवा असणाऱ्याला आनंद, आणि सोने हवे असणारा मध्यस्थ राहिला. द्रव्य ध्रुव आहे, म्हणून पर्यायाचा नाश खोटा ठरत नाही. जन्मदात्या आईनेच ‘तू कोण?’ असे विचारले, तर त्या मुलापुरता घट मोडलाच आहे. अशा वेळी त्याला सोन्याचे ध्रुवत्व समजावू नये.

मात्र एक गोष्ट आपल्या हाती आहे. अशा वृद्धांच्या देखत आपण पाहुण्यांना सांगतो, ‘यांना आता काही कळत नाही.’ घास भरविताना विचारत नाही, कूस बदलताना सांगत नाही; घरात कार्य निघाले की त्यांच्या खोलीचे दार लोटून घेतो. पाणी गाळून पिणाऱ्या, पायाखालची मुंगी जपणाऱ्या घरांत हे घडते, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. क्षमापनेच्या दिवशी आपण गावभर हात जोडत फिरतो. त्या खोलीतही जावे, हात जोडावेत, नाव घेऊन क्षमा मागावी आणि उत्तरासाठी थोडा वेळ तेथेच बसावे.