बेटर, पण कशापेक्षा?

मी बोलतोय बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतून. आजचा शब्द अगदी छोटा आहे. शाळेत आपण सगळ्यांनी घोकलेलं आहे: गुड, बेटर, बेस्ट. त्यातला मधला आज घेऊ. बेटर.

इथल्या मराठी माणसाच्या तोंडी हा शब्द दिवसभर असतो. ऑगस्ट 2025 मध्ये इकडची यलो लाइन मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून "फ्लायओव्हरपेक्षा मेट्रो बेटर" हे तर रोजचंच. ऑफिसात "तिचा कोड बेटर आहे." आजारी माणूस म्हणतो, "आज बेटर वाटतंय." आणि मित्र सल्ला देतो, "तू न बोललेलंच बेटर." वाक्यं चार आणि बेटरची कामंही जवळजवळ चार. मराठीत चारही ठिकाणी एकच शब्द डोळे मिटून ठेवता येत नाही.

आधी व्याकरण थोडक्यात पाहू. इंग्रजी तुलना करताना गुणाचा शब्दच बदलते. टॉलचं टॉलर होतं. गुडचं तर रूपच पालटतं, बेटर हा वेगळ्याच मुळाचा शब्द त्याच्या जागी येतो. मराठी गुणाच्या शब्दाला हात लावत नाही. ती दुसऱ्या वस्तूला 'पेक्षा' किंवा 'हून' जोडते. "दगडापेक्षा वीट मऊ." यात मऊ हा मऊच राहिला. आता गंमत बघा, वीट काही मऊ नसते. डोक्यात घातली तर कळेल! दगडाचं नाव घेतलं म्हणून ती मऊ ठरली. तुलनेचं सगळं वजन त्या 'पेक्षा'वर आहे.

कन्नडची रीतही हीच. "अदक्किंत इदु ओळ्ळेयदु", म्हणजे त्यापेक्षा हे चांगलं. त्यांचं 'किंत' ते आपलं 'पेक्षा'. म्हणून इथे नव्याने आलेल्या मराठी माणसाला तुलनेपुरती तरी कन्नड इंग्रजीपेक्षा सोपी जाते.

संस्कृतात मात्र इंग्रजीसारखीच सोय होती. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ यांच्या शेवटचा 'इष्ठ' आणि बेस्टच्या शेवटचा 'एस्ट' हे एकाच जुन्या घराण्यातले. पण मराठीत येईपर्यंत त्यातली तुलना विरघळली. ज्येष्ठ नागरिक म्हणजे गावातला सगळ्यांत म्हातारा माणूस नव्हे. म्हणूनच आपण "सर्वांत श्रेष्ठ" असं बिनदिक्कत म्हणतो.

याच सवयीने आपण इंग्रजीत "मोर बेटर" म्हणतो. मराठीतलं "जास्त चांगलं" जसंच्या तसं उचलतो. पण बेटरच्या पोटात ते 'जास्त' आधीच आहे. जोर द्यायचा असेल तर "मच बेटर" म्हणा. "व्हेरी बेटर"ही नको.

आता मुख्य मुद्दा. 'पेक्षा' लावायचं तर मराठीत समोरची वस्तू सांगावीच लागते. इंग्रजीत बेटर एकटा उभा राहू शकतो. कशापेक्षा, ते ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. आणि आपण त्याचं भाषांतर करतो 'बरं'.

माझ्या ओळखीच्या एका मुलाचे वडील इथल्या एका हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात होते. डॉक्टर सकाळी म्हणाले, "ही इज बेटर टुडे." मुलाने गावी फोन केला, "बाबा आता बरे आहेत." डॉक्टर कालच्या तुलनेत बोलत होते. गावाकडे ऐकू आलं की दुखणं संपलं. थोरल्या भावाने त्या रात्रीच्या गाडीचं तिकीट रद्द केलं. नंतरचे तीन दिवस वडील अतिदक्षता विभागातच होते आणि सह्या करायला, निर्णय घ्यायला हा धाकटा एकटा. वडील पुढे बरे होऊन घरी गेले, पण त्या तीन दिवसांत दोघं असायला हवे होते.

खोटं कोणीच बोललं नव्हतं. घोळ 'बरं'मध्ये होता, कारण या शब्दाची तीन कामं आहेत. "ताप बरा झाला" म्हणजे गेला. "जेवण बरं होतं" म्हणजे ठीकठाक, फार कौतुक नको. आणि "त्यापेक्षा हे बरं" ही तुलना. कन्नडमध्ये 'वासि' हा शब्दही असाच आहे. "ज्वर वासियायितु" म्हणजे ताप बरा झाला, आणि "अदक्किंत इदे वासि" म्हणजे त्यापेक्षा हेच बरं.

मग आजारपणात काय म्हणावं? आपल्या घरात नेमके शब्द आहेत. "उतार पडतोय." "थोडा फरक आहे." "कालच्यापेक्षा बरं आहे, पण अजून अतिदक्षता विभागात आहेत." हे शब्द वाट अर्धी झाली असं सांगतात, मुक्काम आला असं नाही. आणि डॉक्टरांनाही विचारा, "बेटर दॅन व्हॉट?" कालपेक्षा, की आणलं तेव्हापेक्षा? हा प्रश्न उद्धट नाही.

ऑफिसातही हेच. साहेबांनी मूल्यमापनात "कुड बी बेटर" लिहिलं, तर ते "बरं आहे" नव्हे. "यापेक्षा चांगलं हवं होतं" असा त्याचा अर्थ. हा शेरा सौम्य दिसतो, पण तक्रार आहे.

कामाची तुलना करायची तर मराठीत शब्दांची रेलचेल आहे. गुणाने चांगला तो सरस. दोघांत थोडा पुढे तो उजवा. झटापटीत मात करणारा तो वरचढ. आणि सवाई म्हणजे सव्वापट. आपण तुलना चक्क मापात मोजतो: शेरास सव्वाशेर, बापापेक्षा बेटा सवाई. धारवाड जिल्ह्यातल्या कुंदगोळचे रामभाऊ, भीमसेन जोशींचे गुरू, सवाई गंधर्व म्हणून ओळखले गेले ते याच शब्दाने.

सल्ल्याच्या 'बेटर'कडे मात्र जरा जपून. "न बोललेलं बरं" यात माया आहे. इंग्रजीत "यू हॅड बेटर गो" म्हटलं की त्यात 'नाहीतर बघा'ची छटा येते. वरिष्ठांना मेल लिहिताना हॅड बेटर टाळा, "इट वुड बी बेटर इफ" लिहा.

जाता जाता एक. फारसीतला 'बेहतर' ऐकायला बेटरसारखा, अर्थही तोच, पण दोघांचं मूळ वेगळं, नातं नाही. हिंदीत तो चांगल्यापेक्षा चांगला या अर्थानेच राहिला. मराठीत तो आला आणि हट्टी झाला: "प्राण गेला तरी बेहत्तर!"

तर या आठवड्यात एवढंच करा. तोंडात बेटर आला की लगेच मनात विचारा, कशापेक्षा? उत्तर मिळालं की मराठी शब्द आपोआप सापडेल. तुमच्या भागात सरस, उजवा, सवाई यांच्या जोडीला आणखी कोणते शब्द आहेत, तेही घरच्या मोठ्यांना विचारून ठेवा. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.